सूरजमुखी साहेब

आमच्या साहेबांच्या टेबलाला चाकं होती.

टेबल सरकारी, सागवानी आणि चांगलं जड. त्याच्या पायांना साहेबांनी गावातल्या सुताराकडून लोखंडी चाकं बसवून घेतली होती. सकाळी हे टेबल पूर्वेच्या खिडकीशी असायचं. ऊन वर चढलं की व्हरांड्याकडे सरकायचं आणि दुपार कलली की मागच्या दाराशी जायचं. थंडीच्या दिवसांत तर ते सरळ अंगणात उतरायचं. साहेब स्वतःच ते ढकलायचे, चपराशाला हात लावू द्यायचे नाहीत. बाहेरच्या कुणी येऊन "इंजिनियर साहब कहाँ बैठते हैं?" असं विचारलं की चपरासी म्हणायचा, "पहले ये बताओ, कितने बजे मिलना है?"

एकदा आमचे नगराध्यक्ष त्यांना शोधत सगळं ऑफिस फिरले. शेवटी साहेब अंगणात, कडुनिंबाच्या सावलीच्या अगदी कडेला, नकाशा पसरून बसलेले सापडले. अध्यक्ष कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अरे भिया, ये इंजिनियर है कि सूरजमुखी?"

तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. साहेबांनाही ते माहीत होतं. रागावले मात्र कधी नाहीत.

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याला देवासच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून ऐंशीच्या सुमाराला आम्ही माळव्यात आलो. देवासपासून बसने थोडं पुढे एक लहानसं गाव होतं. तिथल्या नगरपालिकेत टायपिस्टची जागा निघाली. मला मराठी टायपिंग येत होतं, हिंदीची लिपी तीच, म्हणून अर्ज केला आणि माझी निवड झाली. पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसले, डोक्यावरचा दिवा लावला आणि मशीनमध्ये कागद घातला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, तेवढा दिवा मालवाल का? सूर्यनारायण वर असताना त्याला कशाला जागं ठेवायचं?"

मी दचकून वळले. धोतर-टोपीतलं कुणी म्हातारं माणूस असेल असं आवाजावरून वाटलं होतं. बघते तर शर्ट-पँटमधले, पन्नाशीचे, उंच आणि किडकिडीत गृहस्थ. दिवा मालवणं हा शब्द मी माझ्या आजोबांनंतर पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तोही मध्य प्रदेशात.

साहेब धारचे. त्यांच्या घराण्यात पूर्वी कुणीतरी तिथल्या दरबारात चाकरी केली होती. त्यातलं बाकी काही उरलं नव्हतं, भाषा तेवढी उरली होती. माझ्याशी ते "आपण बसावं", "प्रकृती स्वस्थ आहे ना" असं बोलायचे आणि त्याच दमात गवंड्याकडे वळून म्हणायचे, "भिया, जरा हल्के हाथ से, दीवाल को लग जाएगी."

हे ते गमतीनं म्हणत नसत. भिंतीला लागतं, भिंत तापते, छत थकतं, असं त्यांना खरोखरच वाटायचं. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी भिंतीवर तळहात ठेवायचे, आई मुलाच्या कपाळावर ठेवते तसा. मग जरा वेळानं म्हणायचे, "हिला पश्चिमेकडून त्रास आहे." लोक एकमेकांकडे बघून हसायचे.

नगरपालिकेच्या सभागृहात सगळ्या दिव्यांना मिळून एकच बटण होतं. झाडूवाली कोपरा झाडायला आली तरी सगळे बल्ब पेटायचे. त्याचं साहेबांना मनापासून दुःख होतं. "एकट्या माणसासाठी अख्खी पंगत मांडून ठेवलीय," असं ते म्हणायचे. पंख्याच्या रेग्युलेटरवरही त्यांचा राग होता. पंखा हळू केला तरी उरलेली वीज त्या डब्यातच तापून जाते, वाचत काहीच नाही, हे ते भेटेल त्याला समजावून सांगायचे आणि पुरावा म्हणून त्याचा हात धरून त्या गरम डब्यावर ठेवायचे. अशानं नगरसेवक त्यांच्या बाजूला बसायचं टाळू लागले होते.

खरं सांगायचं तर मलाही सुरुवातीला ते कंजूष वाटायचे. सरकारी वीज, सरकारी बिल, या माणसाचं काय जातं? माझं ते मत बदललं एका संध्याकाळी. काही कागदांवर त्यांची तातडीची सही हवी होती आणि ते लवकर घरी गेले होते. बस सुटायला अवकाश होता, म्हणून मीच कागद घेऊन गेले. तिन्हीसांजेची वेळ. गल्लीतली बाकीची घरं अजून अंधुकच होती आणि साहेबांचं घर मात्र लग्नघरासारखं उजळलेलं! ओटीवर दिवा, माजघरात दोन, स्वयंपाकघरात ट्यूब, न्हाणीघराच्या वाटेवरही एक बल्ब. मी दारातच उभी राहिले.

"या ना, आत यावं," आतून बाईचा आवाज आला. साहेबांच्या पत्नी भिंतीला एक हात लावून सावकाश बाहेर आल्या. गोरा, हसरा चेहरा. माझ्याकडे बघत होत्या, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा बाजूला पडत होती. "तुम्ही टायपिंगवाल्या ना? पावलावरून नवं माणूस वाटलं."

त्यांची नजर काही वर्षांपासून कमी होत चालली होती. इंदूरला दाखवून झालं होतं. फार काही होण्यासारखं नव्हतं. भरपूर उजेड असला की त्यांना वस्तूंच्या कडा दिसायच्या, आणि कडा दिसल्या की त्या घरातलं सगळं काम स्वतः करायच्या. माझ्यासमोर त्यांनी चहा केला, गाळला, एक थेंब सांडला नाही.

साहेबांनी सही केली. मी दिव्यांकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"बाई, बचत म्हणजे अंधारात बसणं नव्हे," ते म्हणाले. "इथं दिवा कामावर आहे. ऑफिसात रिकाम्या खोलीत जळतो ना, तो माझ्या जिवाला लागतो."

"ऐकलंत?" त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या. "मला नव्या लुगड्याला कधी हो म्हणत नाहीत, पण बल्ब मागितला की दोन आणतात."

त्याच वर्षी भोपाळहून अनुदान मंजूर झाल्याचं कळलं. पालिकांच्या इमारतींमधला विजेचा खर्च कमी करायचा, त्यासाठी जी कामं करावी लागतील ती करा, अशी योजना होती. अट एकच, मार्च संपायच्या आत काम झालं पाहिजे, नाहीतर रक्कम परत. साहेबांना मी इतकं आनंदलेलं कधी पाहिलं नव्हतं. टेबल व्हरांड्यात न्यायचंही विसरले आणि दुपारभर पूर्वेच्या खिडकीशी सावलीतच बसून राहिले.

पण अनुदान आलं की त्याला वाटा फुटतात. अध्यक्षांच्या मनात होतं, सभागृहात एसी लावायचा. माणूस वाईट नव्हता. धान्याचा व्यापारी, मोकळ्या स्वभावाचा, पण शेजारच्या गावच्या सभागृहात कूलर आला होता आणि ते त्यांना सलत होतं.

"साहेब, नई मशीन है, नई मशीन कम बिजली खाती है," ते म्हणाले.

"अध्यक्षजी, जी मशीन आज नाहीच, ती आज काहीच खात नाही," साहेब शांतपणे म्हणाले. हे ते मराठीतच बोलले. अध्यक्षांना अर्थ कळला असावा, कारण त्यांचा चेहरा पडला.

साहेबांना पैसे पालिकेच्या प्रसूतिगृहासाठी हवे होते. ऑफिसला लागूनच ते होतं. पूर्वी ती संस्थानच्या काळातली पागा होती, घोडे बांधायची जागा. भिंती हातभर जाड, छत उंच, आणि छताखाली ओळीनं रोशनदानं, म्हणजे उजेड-वाऱ्याचे झरोके. कधीतरी कुणीतरी ती सगळी रोशनदानं विटांनी बुजवून टाकली होती, आणि वर पत्रे घातले होते. आत भरदिवसाही विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. दिवसभर दिवे आणि पंखे चालू. आणि त्या काळात वीज जायची ती सांगून जात नसे. मग सिस्टर कंदील पेटवायच्या, आणि आधीच तापलेल्या त्या खोलीत कंदिलाची धग आणखी. बायका उन्हाळ्यात बाळंत व्हायला घाबरायच्या.

सभेत ठराव दोनदा पुढे ढकलला गेला. मार्च जवळ येत होता. अध्यक्ष सही करत नव्हते, साहेब एसीच्या कागदावर शेरा देत नव्हते. रक्कम परत जाणार असं सगळ्यांनी धरलंच होतं. मग एके दुपारी साहेब सभागृहात उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "मला फार बोलायचं नाही. मंडळींनी माझ्याबरोबर शेजारी पाच मिनिटं यावं. तिथं आज कुणी बाई दाखल नाही, मी सिस्टरना विचारून आलोय."

कुरकुरत का होईना, सगळे निघाले. सभेचं इतिवृत्त लिहून घ्यायला मी होतेच. प्रसूतीच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. साहेबांनी दार लावलं आणि दिवा मालवला.

काहीच दिसेना. नुसती गर्दीची ऊब आणि वरून पत्र्याची धग. कुणाचा तरी पाय लोखंडी टेबलाला लागला. कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं.

"आता दुपारचे तीन वाजलेत," अंधारातून साहेबांचा आवाज आला. "बाहेर लख्ख ऊन आहे. आणि वीज गेली आहे असं समजा."

मग सगळ्यात वयस्कर नगरसेवक, ज्यांचं तोंड सभेत कधी उघडत नसे, ते म्हणाले, "म्हारी बहू को छोरो यहीं हुयो थो. जेठ में." जेठ म्हणजे ज्येष्ठ, भर उन्हाळ्याचा महिना. एवढंच बोलले.

अध्यक्षांनी चाचपडत दार शोधलं. बाहेर येऊन घाम पुसला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "बाईजी, ठराव टाइप कर लो. जैसा सूरजमुखी बोले वैसा." मग जीभ चावली. साहेब मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मान लववून नमस्कार केला.

काम सुरू झालं. पत्र्यांखाली पेंढ्याचा थर आणि लाकडी फळ्या बसल्या, पत्र्यांवर चुन्याचा पांढरा हात फिरला. बल्बच्या जागी ट्यूब आल्या, इथल्या आणि सभागृहातल्याही प्रत्येक दिव्याला वेगळं बटण आलं. आणि रोशनदानं उघडली. पहिली वीट निघाली आणि उन्हाची एक तिरीप थेट फरशीवर पडली तेव्हा गवंडीसुद्धा हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या आठवड्यात सिस्टर ऑफिसात आल्या. ठेंगण्या, भक्कम, आवाज असा की बाजारातून ऐकू यावा. मूळच्या धार जिल्ह्यातल्या मनावर गावच्या. सरळ साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"साहब, उजाला तो आप ले आए, पर साथ में पूरा मोहल्ला ले आए!"

झालं असं होतं की उघड्या रोशनदानांतून कबूतरं आत आली होती. उकळून ठेवलेल्या हत्यारांच्या ट्रेवर घाण पडली होती. आणि समोरच्या उंच ओट्यावर एक पानाचं दुकान होतं, तिथं उभ्या माणसांना नजर टाकली की आतलं दिसत होतं. एक बाळंतीण लाजेनं तोंडावर पदर घेऊन दिवसभर भिंतीकडे वळून पडली होती.

"या तो आप इसको बंद करो, या मैं ईंट लगवाती हूँ," सिस्टर म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ऊन टेबलावरून सरकून गेलं तरी साहेब हलले नाहीत. मग मला म्हणाले, "बाई, मला उजेड दिसला. त्या खोलीत निजलेली बाई दिसली नाही."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले नाहीत. पानवाल्याच्या दुकानाशी खुर्ची टाकून बसले. कधी उभे राहायचे, कधी ओट्यावर चढायचे, कधी गुडघ्यावर बसून वर बघायचे. पानवाला विचारून थकला. गावात बातमी पसरली की सूरजमुखीला ऊन लागलं. उन्हं कलताना घरी जाऊन पत्नीला हाताला धरून घेऊन आले. त्यांना प्रसूतिगृहात नेलं, सिस्टरबरोबर त्या आतून फिरल्या आणि कुठल्या जागी कडा स्पष्ट दिसतात, कुठे डोळ्यांवर तिरीप येते, ते सांगत गेल्या. साहेब भिंतीवर खडूनं खुणा करत होते. सिस्टर हाताची घडी घालून बघत होत्या.

त्यानंतर प्रत्येक रोशनदानाला बारीक जाळी बसली आणि बाहेरून तिरक्या लाकडी पट्ट्या. आतल्या जाड भिंतीचा काठ उतरता करून त्याला चुना दिला. बाहेरच्याला आता फक्त पट्ट्या दिसायच्या, आणि आत उजेड भिंतीवरून घरंगळत खाली यायचा. सिस्टर दुकानाच्या ओट्यावर स्वतः चढून खात्री करून आल्या. "ठीक है," एवढंच म्हणाल्या. साहेबांना तेवढंही पुरलं.

मला तेव्हा दिवस गेले होते. बाळंतपणाला सांगलीला जायचं ठरलं होतं, रिझर्व्हेशन झालं होतं, आईनं डिंकाचे लाडू करायला घेतल्याचं कळवलं होतं. पण मुलीला तेवढा धीर नव्हता. मेच्या एका दुपारी टाइप करता करताच माझ्या पोटात कळ आली, मग दुसरी. चपरासी देवासला माझ्या नवऱ्याला आणायला धावला. साहेबांनी आपलं चाकांचं टेबल रिकामं केलं आणि मला त्यावर बसवून व्हरांड्यातून शेजारी नेलं. कळा येत असतानाही मी हसत होते. ते मात्र घामाघूम होऊन म्हणत होते, "घट्ट धरावं, वळण आहे."

आत गेल्यावर थोड्या वेळानं वीज गेली. ते मला नंतर कळलं. सिस्टरनी "पंखा गया" असं कुणाला तरी म्हटलं आणि कामाला लागल्या. कंदील कुणी शोधला नाही. वरून वारा येत होता. मला आठवतं ते एवढंच, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उजेडाचा एक लांबट पट्टा होता आणि प्रत्येक कळेला मी त्या पट्ट्यालाच डोळ्यांनी धरून ठेवत होते. भीती फार होती, आई जवळ नव्हती. पण सिस्टरचा चेहरा मला पूर्ण दिसत होता, आणि तो घाबरलेला नव्हता.

मुलगी झाली. रडली ती सिस्टरच्या तोडीस तोड.

बाहेर साहेब येरझाऱ्या घालत होते. सिस्टरनी दार किलकिलं करून सांगितलं, "साहब, लड़की हुई है. दोनों ठीक हैं."

"वा वा, लक्ष्मी आली. फार आनंद झाला," साहेबांचा आवाज आला. मग जरा थांबून, अगदी भीत भीत, "आणि सिस्टर... दिवा लागला का हो?"

"नहीं लगा, साहब."

नंतर पानवाल्यानं सांगितलं की साहेब येऊन त्याच्या ओट्यावर बसले, डोळे पुसले आणि जन्मात पहिल्यांदा पान मागितलं.

बिल कमी झालं, भोपाळचे अधिकारी येऊन बघून गेले, अध्यक्षांनी त्यांना सगळं काम आपणच सुचवल्यासारखं दाखवलं. साहेब मागे उभे राहून खुशाल मान डोलावत होते. असं कसं चालवून घेता म्हणून मी चिडले, तर म्हणाले, "बोलू द्यावं. आता ते रोशनदानं बुजवू देणार नाहीत."

मुलगी चालायला लागली त्या सुमाराला साहेबांची बदली झाली, सिस्टरच्या मनावर गावाला. तिथल्या पालिकेनंही असंच अनुदान आणलं होतं आणि माणूस मागितला होता. अध्यक्ष भोपाळला जाऊन बदली रद्द करायचा प्रयत्न करून आले, उपयोग झाला नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "धार जिल्ह्यातच जातोय, म्हणजे घराकडेच. आणि तिकडे ऊन इथल्यापेक्षा चांगलं आहे."

निरोप समारंभ सभागृहात झाला. वेगळ्या बटणांमुळे फक्त व्यासपीठावरचे दिवे लावले होते. पहिल्या रांगेत साहेबांच्या पत्नी, त्यांच्या मांडीवर माझी मुलगी. अध्यक्षांनी हार घातला आणि भाषण सुरू केलं. "भिया हो," ते म्हणाले, "ऐसा आदमी..." आणि रुमाल शोधत खिसे चाचपू लागले.

तेवढ्यात मागच्या दारातून सिस्टर आल्या. थेट व्यासपीठापर्यंत चालत गेल्या आणि साहेबांच्या कानाशी वाकल्या. पण त्यांचं कानातलं बोलणं म्हणजे सगळ्या सभागृहाला ऐकू जाणारच.

"साहब, जाने के पहले वो नहानी वाली खिड़की देख लेते. बाइयों को बहुत अँधेरा पड़ता है."

साहेबांनी हार काढला, खुर्चीवर ठेवला, अध्यक्षांकडे बघून हात जोडले आणि सिस्टरच्या मागोमाग निघून गेले.

अध्यक्षांनी खुर्चीवरच्या हाराकडे बघतच उरलेलं भाषण पूर्ण केलं. टाळ्या झाल्या. शेजारून भिंतीवर हातोडीचे ठोके ऐकू येऊ लागले होते. नाश्त्याच्या बश्या मांडून आम्ही सगळे दाराकडे बघत ताटकळत बसलो.

शेवटी साहेबांच्या पत्नीच हसल्या. माझ्या मुलीच्या हातात एक गरम कचोरीचा तुकडा देत म्हणाल्या, "ते आता येत नाहीत. तुम्ही सुरू करा, निवून जाईल."